दूषित जागेवरच्या भूजल लॉगरचा सात महिन्यांचा अनुभव

इंधनाची जुनी टाकी गळल्यामुळे दूषित झालेल्या एका जागेवर पाणी उपसून शुद्ध करण्याचे काम चालू आहे. तेथील सहा निरीक्षण बोअरमध्ये आम्ही मे महिन्यात पाण्याचा दाब नोंदवणारे लॉगर सोडले. केबलमध्ये हवेची नळी असलेला प्रकार मुद्दाम टाळला, कारण पावसाळ्यात त्या नळीत ओल शिरते आणि ती शोषणारे दाणे सारखे बदलावे लागतात. सात महिन्यांत एकही लॉगर बंद पडला नाही.

मात्र नळी नसलेला हा बंद प्रकार पाण्याबरोबर हवेचाही दाब मोजतो, आणि हे ठाऊक असूनही आम्ही पहिले तीन आठवडे फसलो. पंप सकाळी १० ते दुपारी ४ चालत असे, आणि नेमक्या त्याच वेळात सहाही आलेख तीन-चार सेंटिमीटरने उतरत. उपशाचा प्रभाव सगळीकडे पोचतो, म्हणजे दूषित पाणी बाहेर निसटत नाही, असे आम्ही समाधानाने लिहूनही टाकले. पुढे एका रविवारी पंप बंद असताना तीच उतरण दिसली, आणि तशीच दुसरी रात्री १० पासून पहाटेपर्यंत. आपल्याकडे हवेचा दाब रोज दोनदा, सकाळी आणि रात्री १० च्या सुमारास चढतो व पुढच्या सहा तासांत उतरतो. हवेच्या दाबाचा एक मिलिबार म्हणजे पाण्याचा जवळजवळ एक सेंटिमीटर. केवळ हवेचा दाब नोंदवणारा सातवा लॉगर विकत घेऊन त्याची नोंद बाकी सहांतून वजा केली, तेव्हा खरी उतरण दोनच बोअरमध्ये उरली. त्यातही पंपापासून १५ मीटरवरचा बोअर ढिम्म आणि ६० मीटरवरचा तासाभरात ७ सेंटिमीटर खाली! बेसॉल्टमध्ये, म्हणजे इथल्या काळ्या खडकात, पाणी भेगा-सांध्यांची वाट धरते, नकाशावरच्या अंतराची नव्हे.

एका बोअरमध्ये पाण्यावर २० सेंटिमीटर पेट्रोल तरंगत होते. पेट्रोलची घनता पाण्याच्या पाऊणपट धरली, तर त्याखालचे पाणी सुमारे १५ सेंटिमीटर दाबले जाते आणि फितीने मोजलेली पाण्याची पातळी तेवढी खोटी ठरते. लॉगर पाण्यात बुडलेला असल्याने त्याला पेट्रोलचाही भार कळतो. पण लॉगरमध्ये सुरुवातीच्या पातळीचा आकडा आम्ही फितीवरूनच भरल्यामुळे तो फायदा घालवला आणि प्रवाहाची दिशा महिनाभर चुकीची काढली.

तक्रार एकच, सोबत आलेल्या दोरीबद्दल. ती ताणून लॉगर दोन सेंटिमीटर खाली गेले होते. आता स्टीलची तार लावली आहे.