कडबा कुट्टीच्या चाकावर बनवलेली पॉवर हॅक्सॉ, ११ महिने वापरल्यावर

परवा माझ्या पॉवर हॅक्सॉवर, म्हणजे मोटरनं मागं-पुढं चालणाऱ्या लोखंड कापायच्या करवतीवर, ट्रॉलीचा ॲक्सल अर्धा कापून झाला होता आणि क्रँकचा, म्हणजे करवत हलवणाऱ्या चाकाचा, बोल्ट खटकन तुटला. चाकाला करवतीशी जोडणारा कनेक्टिंग रॉड खाली लोंबला, चाक रिकामंच फिरत राहिलं, गिऱ्हाईक समोर उभं. लेथवाला नवी पिन उद्या देतो म्हणाला, तोवर मशीन बंदच आहे, तर या मशीनबद्दल लिहायचं बरेच दिवसांपासून राहिलं होतं ते आज लिहून काढतो.

आमचं वर्कशॉप यवतमाळ जिल्ह्यात, खेड्यातच. डवरे, वखराच्या पासा, ट्रॉल्या, गेट, सगळंच करतो. आधी १४ इंची चॉप सॉवर, म्हणजे फिरत्या चकतीच्या मशीनवर, कापत होतो. पण वर्कशॉपला लागूनच खोली आहे, तिच्यात दिवाळीनंतर भाव येईपर्यंत कापूस भरलेला असते, आणि चकतीची ठिणगी कुठवर उडते हे ज्यानं पाह्यलं त्याला वेगळं सांगायची गरज नाही. तीन महिने मी ओलं पोतं दाराला लटकवून काम केलं. शिवाय ईएन-८ चा (मध्यम कार्बनच्या पोलादाचा) शाफ्ट चकतीनं कापला की तोंड निळं पडून इतकं कडक होते की ड्रिल त्याच्यावर नुसता घसरते. म्हणून मागच्या पोळ्याच्या आठवड्यात ही मशीन उभी केली.

बनवायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे, जास्त सांगत नाही. १ एचपी सिंगल फेज जुनी मोटर, पी-२०५ ची (२५ मिमी शाफ्टची, ठोकळ्यात बसवलेली) चार बेअरिंगं, मळणी यंत्राच्या भंगारातल्या पुल्या, आणि क्रँक म्हणून जुन्या कडबा कुट्टीचं बिडाचं चाक. त्या चाकाला पातं बसवायची भोकं असतातच, त्यातलं आतलं भोक सेंटरपासून सव्वातीन इंचावर निघालं, म्हणजे साडेसहा इंचाचा स्ट्रोक फुकटात मिळाला. सगळं मिळून खर्च ७,८०० रुपये. पहिल्यांदा एकच बेल्ट लावला तर १४४० ची मोटर २ इंची पुलीवरून १२ इंचीवर, म्हणजे मिनिटाला २४० स्ट्रोक, अन् पहिलं ब्लेड एका दिवसात जळालं. मग मधे आणखी एक शाफ्ट टाकून ३ इंचीवरून ८ इंचीवर घेतलं, आता ९० च्या आसपास चालते.

आता खरी गोष्ट ब्लेडाची. १४ इंची एचएसएस (हाय स्पीड स्टील) ब्लेड आमच्याकडे साडेतीनशे-चारशेच्या घरात पडते, आणि माझं ब्लेड ५० मिमीच्या ईएन-८ चे १४-१५ कट झाले की बोथट. मी भिंतीवर खडूनं एकेक रेघ मारून हिशोब ठेवतो. म्हणजे एका कटामागं २५ रुपये नुसत्या ब्लेडाचे! याच्यात मजुरी काय उरणार? कट संथ म्हणून आर्मवर, म्हणजे ब्लेड धरणाऱ्या दांड्यावर, वजन वाढवलं, आधी १० किलो, मग २०. ब्लेड आणखी लवकर जायला लागलं. खालचा चुरा राखेसारखा बारीक पडायचा आणि एका कटाला २०-२२ मिनिटं लागायची. मी तालुक्याच्या दुकानात जाऊन दोन ब्लेडं काउंटरवर आपटली, नकली माल देता म्हणून चांगलाच वाद घातला. सहा महिने मी ज्याला त्याला हेच सांगत होतो की आजकाल ब्लेडच बेकार येतात.

हे सगळं मी आता परत घेतो. दुकानदाराचा माल चांगला होता.

गावात एक म्हातारे फिटर काका आहेत, नागपूरच्या एम्प्रेस मिलमधे आयुष्य गेलं त्यांचं. उन्हाळ्यात पाणी प्यायला म्हणून आत आले, मशीन चालू होती, दोन मिनिटं उभं राहून पाह्यलं आणि म्हणाले, "बाप्पू, दात उलटे बसवले तुनं. हातानं कापतो तवा आपण ढकलून कापतो. हे मशीन ओढून कापाले पाह्यजे. दात चाकाकडं कर." मी म्हटलं, काका, काहून? तर त्यांनी माझाच हात धरून चालत्या आर्मवर ठेवला. चाक खाली आहे आणि आर्म वर, त्यामुळं रॉड ओढतो तेव्हा आर्म खाली दाबला जाते आणि ढकलतो तेव्हा वर उचलला जाते. हाताला साफ कळत होतं. म्हणजे मी जाताना कापत होतो तेव्हा आर्म हलका, आणि परत येताना वीस किलोसकट दात उलटे घासत येत होते. हाताच्या हॅक्सॉची सवय, दुसरं काही नाही.

ब्लेड फिरवायला पाच मिनिटं लागली. वजन १० किलोवर आणलं. खाली पाहतो तर राखेऐवजी गुंडाळलेली बारीक चकाकती बुरी पडत होती, बोटात धरता येईल अशी. तोच शाफ्ट १३ मिनिटांत कापला. मी त्या दिवशी काकांना घरी जेवायला थांबवलं.

बाकी थोडक्यात. कूलंट (ब्लेड थंड ठेवायचं पाणी) लावाच, सोल्युबल ऑइल पाण्यात वीसास एक, मी ठिबकची बारीक नळी आणि कॉक लावलाय, थेंब थेंब पुरते. कट संपला की आर्म खाली येऊन लिमिट स्विच दाबतो, मोटर आपोआप बंद, तेवढ्या वेळात माझं वेल्डिंग होते, या एका सोयीसाठी मी चॉप सॉवर परत जाणार नाही. पातळ पाइप याच्यावर कापू नका, इंचाला १० दात असलेल्या ब्लेडाला २ मिमीची भिंत म्हणजे एकाच वेळी एक दातही धड बसत नाही आणि दात तुटतात, निदान तीन दात तरी लोखंडावर पाहिजेत. अर्धवट कटात नवं ब्लेड टाकू नका, जुन्याची खाच बारीक असते, नवं अडकून मोडते. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की मोटर नुसती गुणगुणते, दोन कपॅसिटर गेले, आता तेव्हा चालवतच नाही.

आणि तो बोल्ट. साधा बाजारातला बोल्ट होता, त्याच्या आट्यांवरच रॉड फिरत होता. आट्यांनी बुश कुरतडला, ढिलाई आली, प्रत्येक फेरीला ठोका बसू लागला, टकटक मला दोन महिन्यांपासून ऐकू येत होती पण ६० रुपयांचा बोल्ट चालतोय तोवर चालू दे म्हणून राहिलो. आता ईएन-८ ची गुळगुळीत पिन, गनमेटलचा बुश आणि ग्रीस निपल, लेथवाला ६५० घेते. हे पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं. कट अजूनही ४ इंचावर दीड मिलिमीटर तिरपा जाते, आर्म ज्याच्यावर सरकते त्या स्लाइडच्या अँगलची झीज आहे, ते दिवाळीनंतर पाहू.

भिंतीवर सध्याच्या ब्लेडाच्या ५३ रेघा आहेत. अर्धा ॲक्सल अजून व्हाइसमधेच अडकलेला आहे, उद्या पिन बसली की ५४वी त्याचीच.