एफ-३० नेल गन : आठ महिने वापरल्यानंतर

हवेच्या दाबाने खिळे ठोकणारी, १८ गेजची (गेज म्हणजे खिळ्याच्या जाडीचं माप), १० ते ३० मिमी लांब खिळ्यांची गन. सोबत हवा भरून देणारा २४ लिटर टाकीचा कॉम्प्रेसर. बीडिंग (कडेच्या बारीक पट्ट्या), ड्रॉवरचे तळ, कपाटाच्या पाठी या कामांत तिला तोड नाही. खिळ्याचं डोकं इतकं बारीक की पुट्टी भरल्यावर शोधून सापडत नाही.

मोठी उणीव एकच: तोंडाला सेफ्टी टिप (दाबली जाणारी सुरक्षा-कळ) नाही. टिपवाल्या गनमध्ये तोंड लाकडावर दाबल्याशिवाय खिळा सुटत नाही. हिच्यात ट्रिगर दाबला की हवेतही सुटतो. म्हणून ठोकायची वेळ येईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर, आणि शिडीवर चढताना हवेची नळी काढलेली. चार पैसे जास्त गेले तरी टिपवालीच घ्या.

खरा धोका लाकूड धरणाऱ्या हाताला. खिळा जेमतेम सव्वा मिमी जाड. गाठ लागली की वळून बाजूने बाहेर येतो. हात वीतभर लांब ठेवा, तुकडा लहान असेल तर क्लॅम्प लावा. खिळ्याचं टोक छिन्नीसारखं असल्याने तो गनच्या डाव्या-उजव्या अंगाला वळतो. त्यामुळे १८ मिमी प्लायच्या कडेत ठोकताना मॅगझिन (खिळ्यांची पट्टी भरायचा लांब भाग) कडेला काटकोनात धरायचं. मग वळला तरी प्लायच्या लांबीत जातो, बाहेर फुटत नाही. ६ मिमी पट्टी १८ मिमी प्लायवर बसवताना २० मिमी खिळा पुरतो. ३० चा थेट पलीकडे निघेल.

हवेचा दाब ७० पीएसआयपासून (पीएसआय हे दाबाचं माप) सुरू करा, खिळा वर राहिला तरच थोडा थोडा वाढवा. १०० च्या वर नाही. ऑक्सिजन सिलिंडर तर कधीच जोडू नका, स्फोट होतो.

खिळा अडकला तर आधी नळी काढा, मगच तोंड उघडा. इथे एक बारकी गोष्ट बघून घ्या: आपोआप बंद होणारा कपलर (जोडणीचा तुकडा) नळीला हवा, गनला त्यात अडकणारा साधा प्लग. उलटं बसवलं असेल तर नळी काढूनही गनमध्ये हवा कोंडून राहते आणि खिळा सुटू शकतो.

रोज सुरुवातीला गनच्या प्लगमध्ये न्यूमॅटिक तेलाचे (हवेवर चालणाऱ्या अवजारांच्या तेलाचे) २-३ थेंब, आणि काम संपल्यावर कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी काढणं. पावसाळ्यात तर न चुकता. रॉकेलने धुऊ नका, रबरी रिंगा फुगतात. हवेचा फुसफुस आवाज आला तर रिंग गेली. दाब पुरेसा असून खिळे अर्धवट बसू लागले, तर ठोकणाऱ्या पात्याचं टोक तपासा. गोल झालं असेल तर बदला.