अडखळले त्याच ऑडिशनमध्ये माझी निवड झाली

अंधेरीच्या एका क्लासने अभिनयाच्या 'डिप्लोमा'च्या नावाखाली मला फसवलं. आधी आकडे सांगते. नोंदणी 5,900 रुपये. कोर्स फी 1,80,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 32,400. पोर्टफोलिओचे 45,000. 'आर्टिस्ट कार्ड'चे 11,000. शेवटी शॉर्टफिल्ममध्ये मुख्य भूमिका हवी म्हणून 'सहनिर्मितीचा वाटा' 60,000. एकूण 3,34,300 रुपये. खोलीचं भाडं आणि मेस यात धरलेली नाही. माझे वडील, आण्णा, एसटीत वाहक आहेत. दोन लाख त्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढून दिले, उरलेल्यासाठी आईच्या पाटल्या गेल्या. हप्ता अजून पगारातून कापला जातोय.

असे धंदे कसे चालतात हे सगळ्यांना माहीत असतं. मलाही माहीत होतं. म्हणूनच 'एवढं कळत नव्हतं का?' असं कुणी विचारलं की डोकं फिरतं. मी बीकॉम आहे. कॉलेजची तीन वर्षं एकांकिका केल्या, पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या कोल्हापूर केंद्रावर दोनदा उभी राहिले. कुणी फोन करून 'तुम्हाला हिरोइन करतो' म्हणाला असता तर मी तोंडावर फोन आपटला असता. पण इथे ऑफिस होतं, रिसेप्शन होतं, भिंतीला आरसे लावलेला हॉल होता, पावती होती. मला हिरोइन करतो असं कुणी म्हणालंच नाही. 'शिकवतो' म्हणाले. आणि मला शिकायचंच होतं.

ऑडिशनच्या दिवशी आण्णा आणि मी महालक्ष्मी एक्स्प्रेसने दादरला उतरलो आणि तिथून अंधेरीला गेलो. आधी 5,900 भरले, मग आत बोलावलं. टेबलामागे एक सर, बाजूला स्टँडवर कॅमेरा. गाव विचारलं. सांगली म्हटल्यावर ते खुर्चीतून उठलेच. "म्हणजे विष्णुदास भाव्यांच्या गावची! 1843 मध्ये मराठी नाटक जिथे उभं राहिलं तिथली मुलगी!" आम्हा सांगलीच्या माणसांना आणखी काय लागतं? 5 नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाला लहानपणापासून गेलेली मी, तिथेच अर्धी विरघळले.

मग मी एकांकिकेतलं स्वगत सुरू केलं. पाचव्या-सहाव्या वाक्याला अडखळले. पुढचं वाक्य आठवेना. मागचंच पुन्हा म्हटलं, आवाज चढवला आणि रडून वेळ मारून नेली. सगळं मिळून तीन मिनिटं झाली असतील. कॉलेजात आमचा दिग्दर्शक एकेका वाक्यासाठी चाळीस-चाळीस वेळा मागे पाठवायचा. 'रडू नकोस, वाक्य पोचव' म्हणून ओरडायचा. त्यामुळे आपलं कुठे घसरलं हे मला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही. त्या दिवशी मी वाईट काम केलं होतं, आणि ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं होतं.

सर म्हणाले, "वा. कच्चं सोनं आहेस."

तो क्षण माझ्या डोक्यातून जात नाही. मला अडवायला हवं होतं. 'सर, मी मध्येच विसरले, ते तुम्हाला दिसलं नाही का?' एवढा एक प्रश्न. ज्याला माझं विसरणं दिसलं नाही तो मला शिकवणार काय? आणि दिसूनही तो वा म्हणाला असेल, तर त्याला माझ्याकडून वेगळंच काहीतरी हवं होतं. दोन्हीचा अर्थ एकच होता. पण मला ती दाद हवी होती. तीन वर्षं मी तिची वाट पाहत होते. मी मान खाली घातली आणि थँक यू म्हणाले. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागलेला नव्हता, हेही मी पाहिलं होतं.

आम्ही अंधेरी स्टेशनला पोचायच्या आत निवड झाल्याचा फोन आला. "दोनच जागा उरल्यात, उद्या बारापर्यंत फी भरा." चाचणी खरी असते तिथे निकालाला दिवस लागतात. जिथे खरंच गाळून घेतात तिथे जागा भरण्यासाठी कुणी तुमच्या मागे फोन करत बसत नाही.

मी दुसरीकडे पाहिलंच नाही असंही नाही. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र 1987 पासून आहे, त्याचा फॉर्म मी भरणार होते. कलिन्याला मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स 2003 पासून आहे, तिची माहिती काढली होती. दिल्लीच्या एनएसडीत, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, तीन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे, वर शिष्यवृत्तीही मिळते, पण पदवीबरोबर नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो आणि देशभरातून मोजकीच मुलं घेतात. पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या जागेत एफटीआयआय ही सिनेमा शिकवणारी सरकारी संस्था आहे. हे सगळं मी क्लासच्या काउन्सेलर मॅडमसमोर बोलले. त्यांच्याकडे प्रत्येकाचं उत्तर तयार होतं. "तिथे नुसती थिअरी. थिएटरवाले कॅमेऱ्यापुढे ओव्हर करतात. तू बावीसची आहेस, तीन वर्षांनी मुलीला कोण विचारतं?" हे शेवटचं वाक्य आण्णांसमोर म्हणाल्या. आण्णा काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी पैसे भरले. वयाची भीती घालणाऱ्या माणसासमोरून उठून यायचं, एवढं मी आज कुणालाही ठणकावून सांगेन.

पावती संस्थेच्या नावाची नव्हतीच. भलत्याच 'सर्व्हिसेस'च्या नावाची होती. 32,400 रुपये जीएसटी म्हणून घेतले, पण पावतीवर जीएसटी नंबर नाही. तो पंधरा अंकी-अक्षरी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही तपासता येतो. बीकॉम असून मी हे पाहिलं नाही याची लाज वाटते. करारपत्राचं फक्त शेवटचं पान सहीला पुढे केलं. 'काम मिळवून देण्यासाठी सहकार्य केले जाईल' आणि 'फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही' ही वाक्यं आतल्या पानांवर होती. ती मला चार महिन्यांनी वाचायला मिळाली.

पहिले तीन आठवडे बरे गेले. एक खरे शिक्षक होते, आवाजाचे व्यायाम, देहबोली, निरीक्षण असं नीट घेत होते. मग ते दिसेनासे झाले. पुढे त्यांचेही पैसे थकवल्याचं कळलं. त्यानंतर जुन्या बॅचचा एक मुलगा यायचा आणि मोबाइलवर आमचे रील काढायचा. चार तासांचा क्लास दीडवर आला. विचारलं की 'आता पोर्टफोलिओचा टप्पा' म्हणून नवी रक्कम. खरं तर सुरुवातीला साध्या उजेडात, मेकअपशिवाय काढलेले चार-पाच फोटो आणि नाव, उंची, भाषा सांगणारा एक छोटा व्हिडिओ पुरतो. वर्सोव्याच्या आराम नगरात रोज ऑडिशनला फिरणाऱ्या मुलींनी मला हे सांगितलं, पण तोवर 45,000 गेले होते. आणि ऑडिशनला ते 'आर्टिस्ट कार्ड' लागतच नाही. कलाकारांची संघटना, सिंटा, आपलं सदस्यत्व स्वतः देते. क्लासवाल्याला ते विकता येत नाही.

शॉर्टफिल्मचं शूटिंग एका सोसायटीच्या बागेत एकच दिवस झालं. तिथे कळलं की मुख्य भूमिका आम्हा तिघींना दिली होती आणि तिघींकडून साठ-साठ हजार घेतले होते. आठवड्याने दाराला कुलूप.

यापुढचं सांगताना हात थरथरतो. तिथल्या पोलीस ठाण्यात गेले तर, "मॅडम, तुम्ही क्लास केलात ना? मग फसवणूक कुठली? हे दिवाणी आहे, कोर्टात जा." सांगलीत गेले तर, "मुंबईत घडलंय, मुंबईला जा." पुन्हा मुंबई. या वेळी अर्ज घेतला, पोच मात्र दिली नाही. तिसऱ्या खेपेला अर्जच सापडेना. एक साहेब आण्णांना म्हणाले, "मुलीला सिनेमात पाठवायची हौस तुम्हालाच ना?" तीस वर्षं एसटीत पै-पैचा हिशेब चोख ठेवलेला माणूस तिथे मान खाली घालून उभा होता. त्या साहेबांना मी कधीही माफ करणार नाही. हेल्पलाइनवर सांगितलं, तुम्ही स्वतः पैसे भरलेत, आमच्यात बसत नाही. शिक्षण खात्यात म्हणाले, हा क्लास आमच्या अखत्यारीत नाही. मग कुणाच्या अखत्यारीत आहे? 'डिप्लोमा' हा शब्द कुणीही पाटीवर लिहावा, लाखो रुपये घ्यावेत आणि विचारणारं कुणीच नसावं?

एका वकील ताईंकडून पुढच्या गोष्टी कळल्या. नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम 173 प्रमाणे, गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार कोणत्याही ठाण्यात देता येते. ठाण्याने नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टाने पाठवायची आणि पोच जपायची. मी तशी पाठवली आहे. ग्राहक आयोगात, 2019 च्या कायद्याप्रमाणे, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची. हे मला ठाण्यातल्या एकाही माणसाने सांगितलं नाही. पाच महिने मी मुंबई-सांगली फेऱ्या मारत होते आणि अर्ज घ्यायचं कार्यालय माझ्याच गावात होतं.

कुठे प्रवेश घेणार असाल तर आधी चालू बॅचच्या मुलांना बाहेर चहाच्या टपरीवर गाठा, आत नको, आत ती बोलत नाहीत. शिकवणारा माणूस कोण ते नावानिशी लिहून मागा. भिंतीवरचे नटांबरोबरचे फोटो म्हणजे समारंभातल्या सेल्फी असतात. फी महिन्याच्या महिन्याला घेत नसतील तर उठा. रोख तर मुळीच नको. मी 60,000 रोख दिले, आणि तेच आता सिद्ध करता येत नाहीत.

सांगलीच्या ग्राहक आयोगात माझी तक्रार दाखल झाली आहे. आमच्या बॅचमध्ये सत्तावीस जण होतो, पुढे आलेले फक्त चार. बाकीच्यांना घरी सांगायची भीती वाटते हे मला समजतं. मीही दोन महिने आईला सांगितलं नव्हतं. पण तुमच्याकडे पावत्या, करारपत्राची ती आतली पानं, शूटिंगच्या दिवसाचे मेसेज असतील तर फाडू नका, डिलीट करू नका. साठ हजार रोख देताना माझ्या शेजारी निळा कुर्ता घातलेली नाशिकची मुलगी बसली होती. तिने पैसे मोजायला मदत केली होती. ती हे वाचत असेल तर मला तिची साक्ष हवी आहे.