चवथीला घरात कोणती बाटली आणायची? कोला, डाएट, साधा सोडा की आगळ

चवथीच्या, म्हणजे आमच्या गोव्यातल्या गणेशचतुर्थीच्या, आदल्या आठवड्यात म्हापशाहून मावसबहिणीचा फोन आला. तिच्या नवऱ्याच्या रक्ततपासणीत एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, 6.1 आला होता. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेह अजून झालेला नाही, पण दाराशी आला आहे, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तिने विचारलं, "ताई, पाच दिवस घर माणसांनी भरलेलं असणार. कोल्ड्रिंक आणू की नको? आणि आणायचंच तर कुठलं आणू?"

मी फोनवर लगेच उत्तर दिलं नाही. कारण याच प्रश्नावर आमच्या फोंड्याच्या घरात दर चवथीला वाद होतो, आणि प्रत्येकजण आपल्या मतावर ठाम असतो. मामा म्हणतो, जड जेवणावर अर्धा ग्लास सोडा हवाच, त्याशिवाय जिरत नाही. मोठी काकी म्हणते, सोड्याने हाडं ठिसूळ होतात आणि दात विरघळतात. फर्मागुडीला कॉलेजात जाणारा भाचा म्हणतो, डाएट आणा, त्यात साखरच नाही, मग भांडता कशाला? आणि आजी विचारते, घरात आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, असताना विकतची बाटली हवीच कशाला?

या चौघांची मतं मी बरेच दिवस पडताळत होते. माझ्या लक्षात आलेली पहिली गोष्ट अशी की, ही माणसं एकाच वस्तूबद्दल बोलतच नाहीत. आपल्याकडे 'सोडा' या एका शब्दात गोड कोला येतो, गोड जिरा सोडा येतो, डाएट येतं, जत्रेतला गोटी सोडा येतो, दुकानातला साधा सोडा येतो आणि स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडाही येतो. या सगळ्यांत सारखा आहे तो फक्त बुडबुडा, खाण्याच्या सोड्यात तर तोही नाही. आणि बुडबुडा, म्हणजे पाण्यात दाबाने विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड, या सगळ्यांत कमीत कमी दोषी आहे.

आधी गोड कोल्याचं बघू, कारण निर्णय खरा तिथेच होतो. नेहमीच्या कोल्यात 100 मिलीला साधारण 10 ते 11 ग्रॅम साखर असते. म्हणजे 300 मिलीच्या एका ग्लासात 30 ग्रॅमच्या वर. चहाच्या चमच्याने मोजली तर सात-आठ चमचे. पाहुण्यांसाठी आपण आणतो ती सव्वादोन लिटरची बाटली घेतली तर त्यात जवळजवळ पाव किलो साखर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत असावी आणि 5 टक्क्यांच्या आत राहिली तर जास्त चांगलं. हे 5 टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण 25 ग्रॅम. एका ग्लासातच ते ओलांडले जातात, आणि चवथीची नेवरी, पातोळी, पायस अजून पानात यायची असते.

पातोळीतही गूळ असतो, मग कोल्यालाच का बोलायचं, असं मामा विचारतो. विचारायलाच हवं. फरक असा की पातोळीबरोबर तांदळाचं पीठ आणि खोबरं पोटात जातं, पोट भरतं, दोनावर तिसरी आपण खात नाही. प्यायलेल्या साखरेने पोट भरल्याची जाणीवच होत नाही. ग्लासभर कोला पिऊन कोणी भात कमी घेतला, असं मी आमच्या पंगतीत आजवर पाहिलेलं नाही. 2010 मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात रोज एक-दोन वेळा साखरेची पेयं घेणाऱ्यांत टाइप 2 मधुमेहाचा धोका, ती क्वचित घेणाऱ्यांपेक्षा 26 टक्के जास्त दिसला.

गोव्यात राहणाऱ्याने ही गोष्ट मनावर घ्यायला हवी. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) इंडियाब पाहणीत देशात मधुमेहाचं प्रमाण 11.4 टक्के निघालं आणि गोव्यात 26.4 टक्के, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. त्याचं खापर एकट्या कोल्यावर फोडणं खोटं ठरेल. वय, वजन, बैठं काम, आनुवंशिकता, भात, मद्य असं बरंच काही त्यात आहे. पण ज्या राज्यात मोठ्या माणसांतल्या साधारण दर चौथ्याला मधुमेह आहे, तिथे पाहुण्याला विचारल्याशिवाय गोड ग्लास पुढे करणं मला आता जमत नाही.

आता काकीचं म्हणणं. हाडांबाबत ती पूर्ण चुकलेली नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या दीर्घकालीन अभ्यासात 2006 मध्ये असं दिसलं की नियमित कोला पिणाऱ्या बायकांच्या खुब्याच्या हाडांची घनता कमी होती. पुरुषांत तसं दिसलं नाही, आणि कोला नसलेल्या फसफसत्या पेयांतही दिसलं नाही. म्हणजे गॅसचा दोष नाही. कोल्यातलं फॉस्फोरिक ॲसिड, कॅफिन, किंवा कोला आला म्हणून ताटाजवळून गेलेलं दूध-ताक, यांपैकी काय कारणीभूत आहे ते या अभ्यासावरून पक्कं ठरत नाही. मुलांच्या बाबतीत मला हे शेवटचं कारण सगळ्यात पटतं. दूध पिण्याच्या वयातलं मूल कोल्याने पोट भरून घेत असेल तर नुकसान त्या न प्यायलेल्या दुधाचं आहे.

दात रात्रभर कोल्यात ठेवला तर सकाळी नाहीसा होतो, ही मात्र दंतकथाच. पण आम्ल दाताला खातं हे खरं आहे. पीएच हे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट. दाताचं वरचं कवच साधारण 5.5 पीएचच्या खाली झिजायला लागतं. कोल्याचा पीएच 2.5 च्या आसपास, साध्या सोड्याचा 4 ते 5. इथे आजीला थोडं वाईट वाटेल, कारण लिंबाचा रस कोल्याइतकाच आंबट आहे आणि आगळही चांगलंच आंबट. म्हणून दातांसाठी काय प्यायलं याच्याइतकंच कसं प्यायलं हे महत्त्वाचं आहे. जेवताना पिऊन संपवलेला ग्लास परवडतो. तीच बाटली टीव्हीसमोर दोन तास घोट घोट करत पुरवली तर लाळेला आम्ल धुऊन काढायला वेळच मिळत नाही. आणि आंबट प्यायल्यावर लगेच ब्रश करू नये. नुसत्या पाण्याने चूळ भरावी, ब्रश अर्ध्या तासाने.

मामाच्या 'जिरण्या'बद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण घरोघरी हाच समज आहे. सोडा प्यायला की ढेकर येतो. ढेकर आला की हलकं वाटतं. पण तो ढेकर बहुतेक आपण नुकत्याच प्यायलेल्या गॅसचाच असतो, अन्न पचल्याचा नाही. पित्तावर सोडा ही समजूत खाण्याच्या सोड्यावरून आलेली आहे. सोडियम बायकार्बोनेट अल्कधर्मी असतं, ते पोटातलं आम्ल खरंच मारतं. बाटलीतला सोडा उलट किंचित आम्लधर्मी. नाव एक, गुण उलटे. तरीही मी मामाला पूर्ण खोडून काढत नाही. अपचन आणि बद्धकोष्ठतेची तक्रार असलेल्या काही लोकांना साध्या पाण्यापेक्षा गॅसच्या पाण्याने बरं वाटलं, असं छोट्या अभ्यासांत दिसलेलं आहे. ज्याला बरं वाटतं त्याने अर्धा ग्लास साधा सोडा घ्यावा. ज्याच्या छातीत जळजळतं, आंबट पाणी घशाशी येतं, पोट फुगतं, त्याने मात्र जेवणावर तो टाळलेलाच बरा, कारण ढेकराबरोबर आम्लही वर येतं.

मामाच्या हातात प्रत्यक्षात असतो तो जिरा सोडा, साधा सोडा नव्हे. जिऱ्याच्या नावाने तो औषधी वाटतो. बाटली फिरवून मागचं लेबल वाचा. बहुतेक जिरा सोडे आणि लिंबू-फ्लेवरचे सोडे साखरेत कोल्याच्याच पंगतीला बसतात.

भाच्याचं डाएट. यावर लोक दोन टोकांना जातात. 2023 च्या जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने डाएट पेयांत साखरेऐवजी घालतात त्या ॲस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' या 2बी गटात घातलं आणि घरोघरी घबराट झाली. पण हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. त्याच वेळी अन्नात वरून घातल्या जाणाऱ्या पदार्थांवर काम करणाऱ्या तज्ज्ञ समितीने जुनी मर्यादा कायम ठेवली: दर किलो वजनाला दिवसाला 40 मिलिग्रॅम. 60 किलोच्या माणसाला ती ओलांडायची तर एका दिवसात आठ-दहा कॅन प्यावे लागतील. तेव्हा महिन्यातून दोनदा डाएट पिणाऱ्याने घाबरायचं कारण मला दिसत नाही.

पण 'डाएट घ्या आणि वजन घटवा' हेही खरं नाही. त्याच वर्षी मे महिन्यात संघटनेने सांगितलं की वजन आटोक्यात ठेवायला बिनसाखरेचे गोडवे वापरू नयेत, कारण लांबच्या पल्ल्यात त्यांचा फायदा दिसत नाही. हा सल्ला आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हता, हे पुष्कळजण सांगायचं विसरतात. माझं मत असं: रोज दोन बाटल्या गोड कोला पिणाऱ्याला एकदम पाण्यावर आणता येत नाही, त्याने वाटेतला टप्पा म्हणून डाएट घ्यावं. जो पीतच नाही त्याने डाएटपासून सुरुवात करायचं काहीच कारण नाही. मुलांना तर नकोच. गोड लागलं पाहिजे ही जिभेची सवय तशीच राहते, आणि कोल्याचं कॅफिन डाएटमध्येही असतंच, 300 मिलीला साधारण 30 मिलिग्रॅम.

राहिली आजी. तिची बाजू मला सगळ्यात जवळची, म्हणूनच ती नीट तपासून घेतली. कोकमाचं जे सिरप आपण बाटलीत भरून ठेवतो, त्यात सालींच्या दुप्पट साखर घालून उन्हात ठेवण्याची पद्धत आहे. ते सिरप सढळ हाताने ओतलं तर ग्लासातली साखर कोल्यापेक्षा फारशी कमी भरत नाही. रंग आपल्या मातीचा असला तरी रक्तातल्या साखरेला तो दिसत नाही. आगळाची गोष्ट वेगळी. त्यात साखर नाही, पण मीठ भरपूर. दोन चमचे आगळ, चिमूटभर जिरेपूड, एखादी चेचलेली मिरची आणि वरून थंड साधा सोडा. आमच्या घरी मे महिन्यात हेच चालतं. फक्त वेगळं मीठ घालायचं नाही. रक्तदाब असलेल्याने आगळ एक चमचाच घ्यावं, आणि सोड्याच्या लेबलवर सोडियमचे क्षार लिहिलेत का तेही पाहावं.

शहाळ्यात 100 मिलीला तीन-चार ग्रॅम साखर, म्हणजे कोल्याच्या साधारण तिसरा हिस्सा. उन्हातून आल्यावर ते उत्तम. पण त्यात पोटॅशियम बरंच असतं, म्हणून मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. जुलाब झाले की गॅस काढलेला कोला पाजायची पद्धत अजून काही घरांत आहे. ती बंद करा. त्यात साखर फार आणि क्षार जवळजवळ नाहीत. तिथे ओआरएसचीच पुडी हवी.

उर्राकाचा, म्हणजे काजूच्या बोंडांपासून काढलेल्या मद्याचा, विषय टाळून गोव्यात सोड्यावर लिहिता येत नाही. मार्च-एप्रिलात उर्राक गोड लिंबू-पेयात मिसळून, मीठ-मिरची घालून घेतला जातो. गोडव्यामुळे मद्य कळत नाही आणि ग्लास वाढत जातात. साधा सोडा आणि ताजं लिंबू घेतलं तर निदान साखर तरी टळते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्याने तर रिकाम्या पोटी घेऊच नये, त्याची साखर काही तासांनी धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

पैशाचंही बोलू. 22 सप्टेंबर 2025 पासून गोड किंवा फ्लेवर घातलेल्या फसफसत्या पेयांवर 40 टक्के जीएसटी आहे, आणि डाएटही त्यातच येतं. काहीही न घातलेल्या साध्या सोड्यावर 5 टक्के.

हे सगळं एकत्र करून मी बहिणीला सांगितलं ते असं. मोठ्या गोड बाटल्या आणूच नकोस. घरात असल्या की रोज संपतात. साध्या सोड्याच्या बाटल्या आण, लिंबं आण, आगळ माझ्याकडून घेऊन जा. पाहुण्याला "काय घेणार?" असं विचारण्यापेक्षा आगळ-सोड्याचा ग्लासच पुढे कर, लाल रंग पाहूनच मुलं हात पुढे करतील. नवऱ्याला कोल्याची फारच आठवण झाली तर चवथीच्या पाच दिवसांत एकदा डाएटची लहान बाटली. मुलांना विसर्जनाच्या दिवशी एक छोटी गोड बाटली वाटून दे. एका दिवसाने काही बिघडत नाही, आणि नुसतं बंदच केलं तर ती शेजारी जाऊन पितील.

एवढं ऐकून तिने विचारलं, "मग तुझ्या फ्रिजात गोड कोला अजिबात नसतो?"

असतो. 250 मिलीची एक सीलबंद बाटली, साखरेचीच, डाएट नव्हे, दाराच्या वरच्या कप्प्यात कायम असते. आईला 14 वर्षं मधुमेह आहे. औषध घेतलं आणि जेवण लांबलं की कधीकधी तिची साखर 70 च्या खाली जाते. हात थरथरतात, घाम फुटतो, बोलणं अडखळतं. तेव्हा अर्धा ग्लास, म्हणजे 150 मिली गोड कोला तिला साधारण 15 ग्रॅम साखर लगेच देतो. 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं, वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच, आणि मग नीट जेवायला वाढायचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट रुग्णवाहिका बोलवायची. डाएटचा इथे काहीच उपयोग नाही. त्या बाटलीवर मी मार्करने 'आई' लिहून ठेवलं आहे, आणि चवथीच्या गर्दीतही भाचा तिला हात लावत नाही.