चेन धुण्यासाठी घेतलेलं पॅडॉक स्टँड

माझ्या एफझीला (यामाहाची मोटरसायकल) मधलं स्टँड नाही. त्यामुळे चेन साफ करायची म्हणजे गाडी वीतभर ढकला, पुसा, परत ढकला. पार्किंगमधला वॉचमन एकदा म्हणालाच, "साहेब, पेट्रोल संपलं का?" शेवटी नाना पेठेतून बिननावाचं लोखंडी पॅडॉक स्टँड आणलं, घासाघीस करून १,४५० रुपयांना.

स्विंगआर्मखाली (मागचं चाक धरणारी लोखंडी भुजा) रबरी टेकू लावायचे, दांडा दाबायचा, की मागचं चाक अधांतरी! मग एका हाताने चाक फिरवा, दुसऱ्याने रॉकेलचा ब्रश. (ओ-रिंगवाल्या, म्हणजे कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेल्या चेनला पेट्रोल नको, रबर खराब होतं.) चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, हेही चाक फिरवलं तेव्हाच कळलं. सर्वांत ताठ जागा शोधून तिथे ढिलाई मोजायची. इंजिन चालू ठेवून चेन मात्र कधीच पुसू नका; फडक्यामागोमाग बोट स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रात जातं.

आता तक्रार. एकट्याने गाडी चढवणं म्हणजे कसरत. पहिल्याच दिवशी ती उजवीकडे कलली आणि माझा जीव गेलाच होता. तेव्हापासून पुढचा ब्रेक जुन्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधतो आणि चिरंजीवांना दुसऱ्या बाजूला उभं करतो. टेकूंचे नट दोन महिन्यांत ढिले झाले, स्टँडच्या एका चाकाची कुरकुर पहिल्यापासून आहे. वंगण टाकलं, तरी आहेच.

सेंटर स्टँड असेल तर हा खर्च करू नका. माझ्यासारख्यांनी घ्या, पण टेकूंचं रबर जाड बघून.