जर्मनीत घटस्फोट: जोडीदार जर्मन की दुसऱ्या युरोपीय देशाचा?

भारतीय पासपोर्टवर जर्मनीत राहताना संसार मोडला, तर सगळ्यात आधी जोडीदाराचा पासपोर्ट बघा. मूळचा गोव्याचा पण पोर्तुगीज पासपोर्ट असलेला नवरा आणि जर्मन नवरा, दोघांच्या बायकांना जावं लागतं एकाच परदेशी नागरिक कार्यालयात, पण घटस्फोटानंतर जर्मनीत राहण्याच्या हक्कासाठी कायदे वेगळे लागतात.

जोडीदार जर्मन असेल तर निवास कायद्याचं कलम 31. त्यात जर्मनीत एकत्र नांदल्याची 3 वर्षं भरावी लागतात, आणि वेगळे झालात त्या दिवशी मोजणी थांबते. जोडीदार युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशाचा असेल तर युरोपीय संघाच्या निर्देश 2004/38 चं, म्हणजे सदस्य देशांनी पाळायच्या सामाईक नियमाचं, कलम 13. त्यात घटस्फोटाचा अर्ज कोर्टात जाईपर्यंत लग्नाला 3 वर्षं झालेली हवीत, त्यातलं किमान 1 वर्ष जर्मनीतलं.

फरक केवढा पडतो पाहा. जून 2021 मध्ये पुण्यात लग्न, जानेवारी 2023 मध्ये दोघं म्युनिकला, डिसेंबर 2024 मध्ये वेगळे, वर्षभराने अर्ज. जर्मन जोडीदाराच्या हिशेबात भरले 23 महिने, म्हणजे अपुरे. पोर्तुगीज जोडीदाराच्या हिशेबात साडेचार वर्षं. पुण्यातला काळ धरला जातो आणि घटस्फोटाआधी विभक्त राहण्याचं वर्ष, जर्मन लोक ज्याला ट्रेनुंग्सयार म्हणतात, तेही.

मात्र या युरोपीय नियमात एक मोठा खड्डा आहे. अर्ज दाखल होण्याआधीच जोडीदार जर्मनी सोडून गेला, तर हा हक्क जातो. सिंग खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2015 मध्ये तसा निकाल दिला. म्हणून तो परत जायच्या गोष्टी बोलू लागला की लगेच वकील गाठा. त्याच्या पत्त्याची नोंद, म्हणजे आनमेल्डुंग, आणि अर्जाच्या तारखेचा कोर्टाचा कागद जपून ठेवा. घरात मारहाण होत असेल तर तो गेल्यावरही घटस्फोटाचा अर्ज करता येतो, पण वाजवी मुदतीत. 2021 च्या निकालात जवळपास 3 वर्षांचा उशीर न्यायालयाला वाजवी वाटला नाही. हिंसाचारात 3 वर्षांची अट दोन्ही कायद्यांत शिथिल होते. पोलिसांची तक्रार आणि डॉक्टरांचा दाखला त्याच वेळी घ्या.

पैशांच्या बाबतीत उलट आहे. कलम 31 खाली पहिलं 1 वर्ष सरकारी मदत घेत असलात तरी परवाना मिळतो. युरोपीय नियमात कायम निवासाचा हक्क मिळेपर्यंत नोकरी किंवा व्यवसाय हवा, नाहीतर पुरेसे पैसे आणि पूर्ण आरोग्य विमा. कायदेशीर वास्तव्याची सलग 5 वर्षं आधीच झाली असतील तर ही चिंता उरत नाही.

चांगल्या पगाराची नोकरी असेल तर आम्ही तिसरा रस्ता सुचवू: स्वतःच्या नोकरीवर ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा निवास परवाना. मग लग्नाच्या तारखा मोजाव्याच लागत नाहीत. आणि मूल जर्मन नागरिक असून ताबा तुमच्याकडे असेल, तर पालक म्हणून स्वतंत्र परवाना मागा.