बारावीचं जीवशास्त्र आणि पाच कप्प्यांचा डबा: वर्षभर वापरल्यानंतर

बोर्ड आणि नीट (वैद्यकीय प्रवेश परीक्षा), दोन्हींच्या उजळणीसाठी मी जूनपासून परीक्षेपर्यंत हाताने लिहिलेली प्रश्नोत्तरांची कार्डं वापरली. आता निकालही लागलाय, तेव्हा सांगते: जीवशास्त्रासाठी इतकी उपयोगी वस्तू मला दुसरी मिळाली नाही. नीटच्या १८० प्रश्नांपैकी ९० या एकाच विषयाचे असतात, त्यामुळे इथे घातलेला वेळ वाया जात नाही.

पद्धत जुनीच आहे. जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात ती लोकांपुढे आणली. डब्यात पाच कप्पे. पहिला रोज बघायचा, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्याला, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. उत्तर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आलं की थेट पहिल्यात. आवडते धडेच पुन्हा पुन्हा वाचत बसायची सोय यात राहत नाही. माझी वनस्पती-हार्मोन्सची कार्डं दिवाळीपर्यंत पहिल्या दोन कप्प्यांतच फिरत होती. रोज समोर आली म्हणूनच ती पक्की झाली.

पण खरी मेहनत प्रश्न लिहिण्यात आहे. ‘एंडोस्पर्म म्हणजे काय?’ (बीमधला अन्नसाठा, नारळात खोबरं) असं कार्ड भराभर पुढे सरकतं आणि पेपरात प्रश्न जरा फिरवून आला की दगा देतं. आम्ही मालवणजवळ राहतो, घरात नारळ रोजचाच. म्हणून मी लिहिलं: नारळाच्या पानाच्या पेशीत ३२ गुणसूत्रं, तर खोबऱ्याच्या पेशीत किती? उत्तर ४८. ते द्यायचं तर अख्खं डबल फर्टिलायझेशन (दुहेरी फलन) डोळ्यांसमोर आणावं लागतं. एक मेल गॅमेट (नर जननपेशी) एग सेलशी (अंडपेशीशी) जुळतो, दुसरा सेंट्रल सेलमधल्या दोन पोलर न्यूक्लियांशी (केंद्रकांशी), म्हणून खोबऱ्यात १६-१६ गुणसूत्रांचे तीन संच. दुसरं कार्ड: शहाळ्याच्या पाण्यात आणि मलईत फरक काय? पाण्यात केंद्रकं मोकळी तरंगत असतात, मलईत पेशीभित्तिका तयार होऊन पेशी झालेल्या असतात. एंडोस्पर्म तेच, अवस्था दोन. कोंब आलेला नारळ फोडला की आत मऊ, गोडसर गोळा निघतो ना, तो बीजपत्राचा भाग. खोबरं शोषून तोच रोपाला पोसतो. हे एकदा हातात धरून पाहिलं की पाठ करावं लागत नाही.

खाडीनेही असंच काम सोपं केलं. कांदळाची शेंगेसारखी लांब रोपं झाडावरच लोंबताना दिसतात, कारण बी झाडावर असतानाच रुजतं. तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून वर आलेली श्वसनमुळं तर लहानपणापासून बघतोय. काजूचं बोंडू खोटं फळ आणि खाली लटकणारी बी हे खरं फळ, हेही असंच कार्डावर चढलं.

कार्डं कमी पडतात ती लांबलचक साखळ्यांना. डीएनएची नक्कल कशी होते हे दाखवणारा मेसेलसन आणि स्टाल यांचा १९५८चा प्रयोग घ्या. कार्डावर त्याचं ‘नायट्रोजन-१५ (जड नायट्रोजन), सेमी-कन्झर्वेटिव्ह (एक धागा जुना, एक नवा)’ एवढंच उरतं. कोऱ्या कागदावर तीन नळ्या काढल्या तरच कळतं की पहिल्या पिढीनंतर सगळा डीएनए मधल्या पट्ट्यात का येतो आणि दुसऱ्या पिढीनंतर अर्धा मधे, अर्धा हलका असा का विभागतो. क्रेब्स सायकल (पेशीतल्या श्वसनाचं चक्र), हृदयातलं रक्ताभिसरण, पेडिग्रीची (वंशावळीची) गणितं, सगळ्यांसाठी कोरा कागद. तिथे डब्याचा हट्ट धरू नका.

आपल्याकडच्या पावसाचा विचार आधीच करा. साधा कागद दमट हवेत लोळागोळा होतो आणि जेल पेनची शाई फुटते. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून त्यावर बॉलपेनने लिहिलेली कार्डं शेवटपर्यंत टिकली. झाकण घट्ट बसणारा स्टीलचा डबा घ्या आणि आत बुटांच्या खोक्यात मिळतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाका. लाईट आणि नेटवर्क दोन्ही गेलेल्या दिवसांत खिडकीशी बसून उजळणी चालू राहिली, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो.

छापील तयार संचही मिळतात. मी ते घ्या म्हणणार नाही, कारण प्रश्न घडवतानाच धडा निम्मा होतो. माझा डबा आता अकरावीतल्या आतेबहिणीकडे गेलाय. कप्पे तिला तयार मिळालेत, कार्डं मात्र तिची तिनेच लिहायची असं ठरलंय.